थंड निराळे, कोरडे निराळे : औषधालयासाठी वातानुकूलनाची परिभाषा

‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही सूचना आपल्या औषधालयातील जवळजवळ प्रत्येक डबीवर छापलेली असते. ती इतकी परिचित आहे की तिच्यात एक नव्हे तर दोन स्वतंत्र आज्ञा आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. गुर्वादी वीस गुणांत शीत-उष्ण ही एक जोडी आहे आणि स्निग्ध-रूक्ष ही दुसरी. जे शीत ते रूक्ष असेलच असे आपण कोणत्याही द्रव्याविषयी म्हणत नाही. मात्र खोलीत वातानुकूलन यंत्र, म्हणजे नित्याच्या भाषेतील एसी, बसविताना आपण नेमके तेच गृहीत धरतो. ‘खोली थंड झाली, आता औषधे सुरक्षित झाली’ असा आपला समज होतो. या समजाची किंमत प्रस्तुत लेखकाने मोजली आहे. म्हणूनच हा लेख.

माझा व्यवसाय कोकणात आहे. दवाखान्याला लागून दहा फूट बाय बारा फुटांची आतली खोली औषधालय म्हणून वापरली जाते. २०१९ च्या उन्हाळ्यात मी तेथे एसी घ्यावयाचे ठरविले. दुकानदाराने ‘मोठाच घ्या, लवकर थंड होईल’ असा सल्ला दिला आणि मी दोन टनांचे यंत्र घेतले. खोली खरोखर पाच-सात मिनिटांत थंड होई. भिंतीवरील तापमापक बावीस अंश दाखवी आणि मी निश्चिंत असे. ऑगस्टमध्ये एक वृद्ध रुग्ण त्रिफळा गुग्गुळाची डबी परत घेऊन आले. गोळ्यांवर पांढरट बुरशीचा थर होता. फडताळातील इतर डब्या उघडून पाहिल्या, तर लवणभास्कर चूर्णाचे ढेकूळ झालेले, सितोपलादी चिकटलेले आणि गुग्गुळाच्या आणखी काही डब्या तशाच खराब झालेल्या. तो सर्व साठा नष्ट करावा लागला. ते आर्थिक नुकसान भरून निघाले. परंतु त्याच साठ्यातील औषध त्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत कितीजणांच्या हाती गेले असेल, हा प्रश्न आजही मनातून जात नाही.

योगायोग असा की, माझ्याकडे संधिवातासाठी येणारे एक गृहस्थ मुंबईच्या कापड गिरणीत ह्युमिडिफिकेशन खात्यात नोकरी करून निवृत्त झाले होते. त्यांनी खोलीत पाऊल टाकताच म्हटले, “डॉक्टर, खोली गार आहे हो, पण ओली आहे.” त्यांनी दोन साधे तापमापक मागवून घेतले, एकाच्या पाऱ्याच्या गोळीला मलमलीची ओली चिंधी गुंडाळली आणि दोन्ही पंख्यासमोर धरले. कोरडा तापमापक बावीस अंश दाखवीत होता, ओला साडेएकोणीस. फरक अवघा अडीच अंशांचा. कोष्टकाप्रमाणे त्याचा अर्थ, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ऐंशी टक्के. बुरशीला याहून अनुकूल घर आणखी कोणते हवे?

त्यानंतर यंत्राच्या माहितीपत्रकातील एकेक शब्द मी समजून घेतला. वैद्य व औषधविक्रेते बंधुभगिनींना खरेदीपूर्वी उपयोगी पडावे, म्हणून ते शब्द येथे क्रमाने मांडतो.

टन म्हणजे वजन नव्हे

‘दीड टनाचा एसी’ म्हणताना यंत्राचे वजन अभिप्रेत नसते. ही संज्ञा बर्फाच्या व्यापारातून आली. कृत्रिम शीतकरणापूर्वी अमेरिकेत गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून विकला जात असे; १८३३ साली बॉस्टनहून निघालेले असे एक जहाज कोलकात्यासही पोहोचले होते. पुढे शीतकरण यंत्रे आली तेव्हा ‘हे यंत्र दिवसाला किती टन बर्फाचे काम करील?’ हाच प्रश्न स्वाभाविकपणे विचारला गेला. अमेरिकन टन, म्हणजे २,००० पौंड किंवा सुमारे ९०७ किलो, इतका शून्य अंशाचा बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन.

हीच क्षमता ‘बीटीयू’ या एककातही सांगतात. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, अथवा सुमारे ३.५ किलोवॅट. येथे घोटाळा होण्याचा संभव असतो. हे किलोवॅट खोलीतून बाहेर टाकलेल्या उष्णतेचे आहेत, यंत्राने वापरलेल्या विजेचे नव्हेत. वीज त्याहून पुष्कळच कमी लागते, कारण यंत्र उष्णता निर्माण करीत नाही, केवळ आतून बाहेर वाहून नेते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘दीड टन’ हा बाजारातील ढोबळ शब्द होय. गणिताने दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॅट. परंतु या नावाखाली विकल्या जाणाऱ्या यंत्रांची प्रत्यक्ष क्षमता थोडी कमी-अधिक असते. यंत्रावरील लेबलवर शीतकरण क्षमता वॅटमध्ये दिलेली असते. तुलना करावयाची ती त्या आकड्याची.

सापेक्ष आर्द्रता

हवेत पाण्याची वाफ सामावण्याची मर्यादा तापमानानुसार बदलते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ धरू शकते, २४ अंशांना सुमारे २२ ग्रॅम आणि २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. प्रत्यक्षात असलेली वाफ त्या मर्यादेच्या किती टक्के आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

आता एक साधे गणित करू. खोलीतील हवा ३० अंशांची व ७० टक्के आर्द्रतेची आहे, म्हणजे तिच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २१ ग्रॅम वाफ आहे. ही हवा पाणी न काढता केवळ २४ अंशांपर्यंत थंड केली, तर मर्यादा २२ ग्रॅमवर येते आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांवरून जवळजवळ अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर जाते. तात्पर्य, केवळ थंड करण्याने हवा कोरडी होत नाही. ती अधिक ओली होते. हवा कोरडी होते ती तिच्यातील पाणी काढून घेतल्याने. एसीच्या निचऱ्याच्या नळीतून बाहेर थेंब थेंब पडणारे पाणी, हीच आपल्या दृष्टीने यंत्राची खरी कमाई होय.

औषधांच्या बाजूने पाहता काही आकडे स्मरणात ठेवण्याजोगे आहेत. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशींची वाढ होत नाही. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या वर हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. अनेक लवणांचे मिश्रण त्याहूनही कमी आर्द्रतेला पाणी धरते. लवणभास्कर चूर्ण सर्वांआधी का बिघडले, याचा उलगडा येथे होतो. यवक्षारातील प्रमुख घटक पोटॅशियम कार्बोनेट तर सुमारे ४३ टक्क्यांनाच पाणी ओढू लागतो. साध्या वातानुकूलनाने खोली इतकी कोरडी ठेवणे कठीण. तेव्हा क्षारांसाठी घट्ट झाकणाची काचेची बरणी आणि सिलिका जेलची पुडी यांना पर्याय नाही.

दवबिंदू

हवा ज्या तापमानाला आणल्यावर तिच्यातील वाफेचे पाणी होऊ लागते, ते तापमान म्हणजे दवबिंदू. जुलैतील २८ अंशांची व ८५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर चष्म्याच्या काचांवर धुके येते ते यामुळेच. हेच औषधाच्या बाबतीतही घडते. बावीस अंशांच्या खोलीत रात्रभर राहिलेली चूर्णाची बरणी बाहेर पुड्या बांधण्याच्या मेजावर आणून लगेच उघडली, तर बरणीच्या आतल्या कडेवर व चूर्णाच्या पृष्ठभागावर दव बसते. डोळ्यांना ते दिसत नाही, परंतु दिवसातून दहा वेळा असे झाले तर महिनाभरात परिणाम दिसतो. यास्तव बरणी बाहेर काढल्यावर ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये. अथवा पुड्या बांधण्याचे काम औषधालयातच करावे. औषधालय अकारण अतिथंड ठेवू नये, याचे हेही एक कारण आहे.

प्रकट उष्मा व अप्रकट उष्मा

यंत्रास दोन प्रकारची कामे करावी लागतात. हवेचे तापमान उतरविणे हे पहिले काम. तापमापकावर दिसणारी ही उष्णता प्रकट होय. वाफेचे पाणी करणे हे दुसरे काम. यात बाहेर टाकावी लागणारी उष्णता तापमापकावर दिसत नाही, म्हणून ती अप्रकट. टनाच्या आकड्यात ही दोन्ही कामे एकत्र मोजलेली असतात. मात्र यंत्राचा नियंत्रक केवळ पहिले काम पाहतो. ठरविलेले तापमान आले की कॉम्प्रेसर थांबतो. दुसरे काम झाले की राहिले, हे त्याला ठाऊकच नसते.

माझ्या खोलीत काय घडले, ते आता स्पष्ट होईल. एकशेवीस चौरस फुटांच्या आतल्या खोलीला साधारणपणे एक टन पुरे होतो. तेथे दोन टनांच्या यंत्राने तापमान काही मिनिटांतच उतरविले आणि कॉम्प्रेसर थांबला. थंड कॉइलवर जमलेले पाणी नळीपर्यंत पोहोचण्यासही काही वेळ लागतो. तो वेळ त्याला मिळालाच नाही. उलट पंखा चालू राहिल्याने कॉइलवरचे पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परतले. मोठे यंत्र घेऊन मी खोलीला शैत्य दिले, रौक्ष्य दिले नाही. शीत आणि आर्द्र यांचा संयोग कोणत्या दोषाचे पोषण करतो, हे वैद्यांस सांगावयास नको.

वातानुकूलन : मुळात आर्द्रतेचे शास्त्र

येथे थोडा इतिहास उद्बोधक ठरेल. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत असे आणि रंगीत छपाईचे एकावर एक येणारे ठसे जुळत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यावर उपाय म्हणून जी योजना आखली, ती आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानली जाते. माणसांना गारवा मिळावा हा तिचा हेतू नव्हता. कागद कोरडा राहावा हा होता. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रॅमर या अमेरिकन कापड-अभियंत्याने वापरात आणला. त्याचा प्रश्न उलट होता. गिरणीत सूत तुटू नये म्हणून हवेत ओलावा राखावयाचा होता. गिरणीतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना माझ्या खोलीचा दोष पहिल्याच क्षणी कळला, यात म्हणूनच आश्चर्य नाही. त्यांचे शास्त्र हेच मूळ शास्त्र होय. ‘गारवा’ हा अर्थ त्या शब्दाला बाजाराने नंतर चिकटविला.

तारे व आयएसईईआर

केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची (बीईई) स्थापना मार्च २००२ मध्ये झाली आणि २००६ पासून ताऱ्यांची योजना सुरू झाली. सध्या ताऱ्यांची संख्या ‘आयएसईईआर’ या आकड्यावरून ठरते. भारतीय हवामानातील २४ ते ४३ अंश बाह्य तापमान आणि वर्षाला १,६०० तास वापर गृहीत धरून, यंत्राने बाहेर टाकलेली एकूण उष्णता भागिले वापरलेली एकूण वीज, म्हणजे आयएसईईआर. आकडा जितका मोठा तितकी वीज कमी.

याविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, ताऱ्यांबरोबर लेबलवरील वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात. स्प्लिट यंत्रास पाच ताऱ्यांसाठी २०१८ मध्ये ४.५० आयएसईईआर पुरेसा होता. जुलै २०२२ पासून तो ५.०० झाला. म्हणजे ४.६० आयएसईईआरचे तेच यंत्र आधी पाच ताऱ्यांचे होते, नंतर चार ताऱ्यांचे ठरले. दुसरी, लेबलवरील वार्षिक युनिट १,६०० तासांचे असतात. औषधालयात यंत्र रोज बारा तास व वर्षाचे तीनशे दिवस चालत असेल, तर ते ३,६०० तास होतात. लेबलवरील युनिटांना सव्वादोनने गुणून अंदाज करावा. तिसरी व सर्वांत महत्त्वाची, तारे विजेविषयी बोलतात, कोरडेपणाविषयी नव्हे. पाच ताऱ्यांचे यंत्रही औषधालय ओले ठेवू शकते.

‘इन्व्हर्टर’ एसीत कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त होऊ शकते. जुन्या पद्धतीचे यंत्र ‘पूर्ण चालू’ किंवा ‘पूर्ण बंद’ एवढेच जाणते. इन्व्हर्टर यंत्र गरजेपुरते मंद चालत राहते. घरातील बॅटरीच्या इन्व्हर्टरशी त्याचा संबंध नाही. सतत चालणे आपल्या उपयोगाचे खरे. परंतु फार मंद गतीत कॉइल पुरेशी थंड राहत नाही आणि पाणी कमी निघते. तेव्हा इन्व्हर्टर आहे म्हणून अवाजवी मोठे यंत्र चालेल, या भरवशावर राहू नये. काही माहितीपत्रकांत ‘मॉइश्चर रिमूव्हल’ या मथळ्याखाली ताशी लिटरचा आकडा दिलेला असतो. तो आवर्जून विचारावा.

ड्राय मोड, डिह्युमिडिफायर आणि कूलर

एसीवरील ‘ड्राय मोड’मध्ये पंखा मंद फिरतो आणि कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. पावसाळ्यात याचा थोडा उपयोग होतो. परंतु बहुतेक घरगुती यंत्रांत या वेळीही नियंत्रण तापमानावरूनच होते, आर्द्रतेवरून नव्हे. म्हणून ‘ड्राय’ हे बटण दाबले म्हणजे खोली कोरडी झाली, असे समजू नये.

‘डिह्युमिडिफायर’ हे मात्र कोरडेपणासाठीच घडविलेले यंत्र आहे. त्यात थंड व गरम अशा दोन्ही कॉइल एकाच पेटीत असतात. हवा आधी थंड कॉइलवरून जाऊन पाणी टाकते व मग गरम कॉइलवरून जाऊन खोलीत परतते. त्यामुळे खोली कोरडी होते, पण किंचित तापतेही. त्याची क्षमता दिवसाला किती लिटर पाणी, अशी सांगतात. मात्र हा आकडा बहुधा ३० अंश व ८० टक्के अशा ओल्या हवेत मोजलेला असतो. २५ अंशांच्या व निम्म्या कोरड्या झालेल्या खोलीत प्रत्यक्ष पाणी बरेच कमी निघते. खरेदी करताना हे जमेस धरावे.

कूलर पाण्याचे बाष्पीभवन करून हवा थंड करतो. म्हणजे हवेत पाण्याची भर घालतो. विदर्भातील मे महिन्याच्या कोरड्या हवेत रुग्णांच्या बैठकीच्या खोलीत तो सुखकारक आहे. औषधालयात तो कोणत्याही ऋतूत नसावा.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, कूलर शीत व आर्द्र, डिह्युमिडिफायर रूक्ष व किंचित उष्ण, आणि एसी शीत. तो रूक्ष ठरतो तो योग्य आकाराचा असेल तरच.

उष्णतेच्या बाजूचे शब्द

महाराष्ट्रात घर तापविण्याची गरज थोडी. परंतु नाशिक, पुणे, नागपूर येथील वैद्यांस हिवाळ्यात पंचकर्माच्या खोलीसाठी हा विचार करावा लागतो. स्नेहन-स्वेदनासाठी खोली निवात व उबदार हवी.

साधा विद्युत हीटर, मग तो तारेचा असो, हॅलोजनचा असो वा तेल भरलेल्या पट्ट्यांचा, जितकी वीज घेतो तितकीच उष्णता देतो. १,५०० वॅटचा हीटर एका तासात दीड युनिट वापरतो. अभ्यंगाच्या खोलीत उघडी तापलेली तार व तेल यांचे सान्निध्य धोक्याचे असल्याने, तेलाच्या पट्ट्यांचा बंदिस्त हीटर त्यातल्या त्यात बरा. ‘हॉट अँड कोल्ड’ एसी हा याहून निराळा प्रकार होय. त्यात तेच यंत्र उलट दिशेने चालते व बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणते. यालाच ‘हीट पंप’ म्हणतात. दिलेली उष्णता भागिले घेतलेली वीज या गुणोत्तरास ‘सीओपी’ म्हणतात. तो तीन असेल तर हीटरच्या एकतृतीयांश विजेत तेवढीच ऊब मिळते. मात्र त्याचा झोत रुग्णाच्या अंगावर थेट येणार नाही, अशी दिशा ठेवावी. अन्यथा ‘निवात’ हा निकष भंगतो.

बंद खोलीत ऊब देण्यासाठी कोळशाची शेगडी मात्र कदापि ठेवू नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि स्वेदनाने शिथिल झालेल्या रुग्णास गुदमरल्याची जाणीवही होत नाही.

तापविण्याचा आणखी एक परिणाम औषधालयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. २० अंश व ७० टक्के आर्द्रतेची हवा केवळ २६ अंशांपर्यंत तापविली, तर पाणी न काढताही तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर येते. घरातील मिठाची बरणी चुलीजवळ ठेवण्याची आपल्या आजीची पद्धत शास्त्रशुद्धच होती.

‘गॅस भरणे’

यंत्रातील शीतक वायू इंधनासारखा संपत नाही; तो बंद नळ्यांत फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर गळती आहे. गळती न शोधता दरवर्षी ‘गॅस भरून’ देणाऱ्यास नम्रपणे थांबवावे. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू ओझोन थराला हानिकारक आहे. त्यानंतरचा आर-४१०ए ओझोनला निरुपद्रवी असला तरी तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. आर-३२ सुमारे ६७५ पट. आर-२९० म्हणजे प्रोपेन; त्याचा हा दोष नगण्य, परंतु तो ज्वालाग्राही आहे. आर-३२ देखील अल्प प्रमाणात ज्वलनशील असतो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी त्या खोलीत धूपन, शेगडी, दिवा काहीही पेटते असू नये. तसेच एका वायूच्या यंत्रात दुसरा वायू भरू देऊ नये.

प्रत्यक्ष काय करावे

प्रथम मोजावे, मग घ्यावे. आर्द्रतामापक आता सहज मिळतो. तो खरा आहे की नाही, हे घरीच पाहता येते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल इतकेच पाणी घालावे. टोपण व आर्द्रतामापक हवाबंद डब्यात बारा तास ठेवावेत. आकडा ७५ च्या आसपास आला पाहिजे; न आल्यास जेवढा फरक तेवढी दुरुस्ती धरावी. तो नसेल तर गिरणीतल्या त्या गृहस्थांची ओल्या चिंधीची रीत आहेच. २५ अंशांच्या खोलीत कोरड्या व ओल्या तापमापकातील फरक ३ अंश असेल तर आर्द्रता सुमारे ७७ टक्के, ४ असेल तर ७०, ५ असेल तर ६३ आणि ६ असेल तर ५७ टक्के. फरक पाचाच्या खाली येऊ देऊ नये.

यंत्राचा आकार खोलीला साजेसा असावा. थेट गच्चीखालच्या किंवा पश्चिमेच्या उन्हातल्या खोलीस थोडा अधिक लागतो, आतल्या खोलीस नाही. तापमान २४-२५ अंश पुरे; १ जानेवारी २०२० पासून नवी यंत्रे सुरू होताच २४ अंशांवरच असतात. भारतीय औषधकोशातील ‘थंड’ या संज्ञेची वरची मर्यादाही २५ अंश आहे.

दार बंद राहील अशी व्यवस्था करावी आणि फटी बुजवाव्यात. माझ्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासातून एकदाच बदलते असे धरले, तरी पावसाळ्यात तासाला सुमारे एकतृतीयांश लिटर पाणी वाफेच्या रूपाने आत येते. हे पाणी कोणत्याही यंत्राला रोज नव्याने काढावे लागते.

शार्ङ्गधरसंहितेत चूर्ण दोन महिन्यांनी व गुटिका-लेह वर्षाने हीनवीर्य होतात, असे सांगितले आहे. आजच्या डब्यांवर नियम १६१-ब नुसार त्याहून पुष्कळ दीर्घ मुदत छापलेली असते. ती मुदत उत्तम वेष्टन व योग्य साठवण गृहीत धरून दिलेली आहे. ओल्या खोलीत ठेवलेल्या डबीवरील तारीख ही केवळ शाई होय.

माझे दोन टनांचे यंत्र आता रुग्णांच्या बैठकीच्या मोठ्या खोलीत आहे. औषधालयात एक टनाचे यंत्र व एक लहान डिह्युमिडिफायर आहे. गेल्या जुलैत खोलीचे तापमान पंचवीस अंश होते, म्हणजे पूर्वीपेक्षा तीन अंश अधिक. आर्द्रता मात्र पंचावन्न टक्के. दोन तापमापकांतील फरक अडीचवरून सहा अंशांपलीकडे गेला आहे. ते दोन्ही तापमापक आजही फडताळाच्या बाजूस शेजारी शेजारी टांगलेले आहेत. सकाळी औषधालय उघडल्यावर सहायकाने प्रथम त्यांचे आकडे वहीत लिहावयाचे आणि मगच पहिली बरणी काढावयाची, असा आमच्याकडे नियम आहे. वाचकांनीही निदान येत्या पावसाळ्यात तो पाळून पाहावा, एवढीच विनंती. इत्यलम्.